एक लिटर पाणी आणि अख्खा सीझन: बोटीची इंजिनं हिवाळ्यासाठी बंद करणाऱ्यांकडून काय शिकायचं?



या वेळच्या व्हिडिओचा विषय होता, 'जे काम गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्याचे पैसे कसे मागायचे?' त्यात मी एका धंद्याचं उदाहरण ओझरतं दिलं होतं. ते इथे सविस्तर लिहितोय, कारण व्हिडिओत त्याच्या तांत्रिक बाजूला हात घालायला वेळच नव्हता. आणि तांत्रिक बाजू कळल्याशिवाय त्यातला धंद्याचा धडा कळत नाही.

हा धंदा आहे अमेरिकेच्या उत्तर भागातला. हिवाळा लागायच्या आधी बोटींची इनबोर्ड इंजिनं नीट बंद करून द्यायची. तिकडे याला 'विंटरायझिंग' म्हणतात. आपण सोयीसाठी 'इंजिन झोपवणं' म्हणू.

आता तुम्ही म्हणाल, सर, आमच्या कोकणात बोटी आहेत, पण पाणी काही गोठत नाही. मग आम्हाला काय त्याचं? थोडा धीर धरा. शेवटी आपण आपल्याच किनाऱ्यावर येणार आहोत.

आधी जागा समजून घ्या

मिनेसोटा हे राज्य कॅनडाच्या सीमेला लागून आहे. त्याला 'दहा हजार तळ्यांचं राज्य' म्हणतात. प्रत्यक्षात दहा एकरांहून मोठी तळीच तिथे ११,८४२ मोजली आहेत. मिनियापोलिस शहराजवळ मिनेटोंका नावाचं मोठं तळं आहे. ते साधारण डिसेंबरात गोठतं आणि एप्रिलच्या मध्याला मोकळं होतं. जानेवारीत रात्रीचं तापमान उणे १० ते उणे १५ अंश सेल्सियस ही तिथली नेहमीची गोष्ट. थंडीची लाट आली की आकडा उणे २५ च्याही खाली जातो.

म्हणजे बोट चालवण्याचा खरा सीझन किती? मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी 'मेमोरियल डे' असतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी 'लेबर डे'. त्याच्या आगेमागे थोडे दिवस धरा, पण मुख्य सीझन या दोन सुट्ट्यांच्या मधला. जेमतेम तीन-साडेतीन महिने. बाकीचे महिने बोट पाण्याबाहेर, गोदामात नाहीतर अंगणात झाकून ठेवलेली.

या झोपेच्या काळात इंजिनमध्ये थोडं जरी पाणी राहिलं, तर काय होतं ते आता बघू.

पाणी लोखंड कसं फोडतं?

काचेची बाटली गळ्यापर्यंत भरून फ्रीझरमध्ये ठेवली तर ती फुटते, हे आपण घरी बघितलेलं असतं. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण ९ टक्के फुगतो. १०० मिलिलिटर पाण्याचा बर्फ जवळजवळ १०९ मिलिलिटर जागा मागतो. ती जागा मिळाली नाही की तो भिंतीवर जोर लावतो.

इंजिनचा ब्लॉक बहुतेक वेळा बिडाचा असतो. बीड दणकट खरं, पण ठिसूळ. ते वाकत नाही, त्याला तडा जातो. ब्लॉकच्या आत सिलिंडरभोवती पाणी फिरायला ज्या पोकळ्या असतात, त्यांत पाणी अडकलं आणि कडक थंडी पडली, की ब्लॉक चिरतो. तीच गत एक्झॉस्ट मॅनिफोल्डची.

आणि खरी गोम पुढे आहे. काम ऑक्टोबरमध्ये होतं. तडा जानेवारीत जातो. कळतं मात्र मे महिन्यात, गिऱ्हाईक बायकामुलांना घेऊन पहिल्यांदा तळ्यावर गेलं की. डिपस्टिक काढून बघावी तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. म्हणजे पाणी ऑइलमध्ये शिरलं. सात महिन्यांपूर्वी ते काम कोणी केलं, कोणता बोल्ट उघडला होता आणि कोणता राहिला, हे आता कोणाला आठवणार?

हा मुद्दा डोक्यात ठेवा. काम आणि त्याचा निकाल यांच्यात सात महिन्यांचं अंतर आहे. अशा धंद्यात चूक स्वस्तात पकडायची संधी एकदाच मिळते, काम चालू असताना.

पाणी लपतं कुठे?

बोटीच्या मागे बाहेर लटकणारं इंजिन म्हणजे आउटबोर्ड. ते उभं ठेवलं की त्यातलं पाणी बहुतांशी आपोआप निथळून जातं. इनबोर्ड इंजिन बोटीच्या पोटात असतं. ते गाडीच्या इंजिनसारखंच, पण रेडिएटर नाही. बरीच इनबोर्ड इंजिनं तळ्याचं पाणी आत ओढतात, ब्लॉकमधून फिरवतात आणि एक्झॉस्टबरोबर बाहेर टाकतात. हे पाणी आपोआप निथळत नाही. काढावं लागतं.

व्ही-८ इंजिन घ्या. साधारणपणे ब्लॉकच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक ड्रेन प्लग, दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डना एकेक, सर्क्युलेटिंग पंपाचा खालचा मोठा होज, आणि बाहेरचं पाणी ओढणारा पंप. शिवाय काही बोटींवर पॉवर स्टीअरिंगचा छोटा कूलर, इंधनाचा कूलर, पाण्याची गाळणी, आणि एक्झॉस्टच्या वाटेवरचा मफलर. प्रत्येक मॉडेलचं वेगळं. म्हणून जाणता मिस्त्री आठवणीवर काम करत नाही, त्या मॉडेलचं मॅन्युअल समोर उघडून ठेवतो.

मर्क्रूझर कंपनीच्या बऱ्याच इंजिनांवर पाणी सोडायचे प्लग मुद्दाम निळ्या रंगाचे दिलेले असतात. अंधाऱ्या, चिंचोळ्या जागेत वाकून काम करणाऱ्या माणसाला निळा रंग पटकन दिसावा म्हणून. आपण 'पोका-योके'वर एक व्हिडिओ केला होता, आठवतो? चूक करणंच अवघड होईल अशी रचना करायची, ही जपानी कारखान्यांची पद्धत. निळा प्लग हे त्याचं साधं, स्वस्त उदाहरण.

कामाचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून एकेक पायरी सांगतो. ही पेट्रोलवर चालणाऱ्या, थेट बाहेरचं पाणी फिरवणाऱ्या इंजिनची सर्वसाधारण पद्धत आहे.

१. इंधन. टाकीत फ्युएल स्टॅबिलायझर घालायचं आणि टाकी जवळजवळ भरायची, पण फुगायला थोडी जागा ठेवायची. रिकाम्या जागेत दमट हवा राहते आणि तिचं पाणी होतं. तिकडच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी धरतं आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. स्टॅबिलायझर घातल्यावर इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवायचं, म्हणजे औषध घातलेलं पेट्रोल पाइपांत आणि इंजेक्टरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून उपयोग नाही.

२. सुरू करण्याआधी हवा. इंजिन बंद खोलीत असतं आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचते. अमेरिकेचं कोस्ट गार्ड सांगतं, इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर किमान चार मिनिटं चालवा. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन अजिबात चालवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

३. पाणी जोडूनच चालवायचं. बोट जमिनीवर असेल तर नळाचं पाणी जोडून मगच इंजिन सुरू. पंपातला इम्पेलर रबराचा असतो, कोरडा फिरला की थोड्या वेळात खराब होतो.

४. ऑइल बदली, इंजिन गरम असतानाच. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा असतो. ते महिनोन्महिने बेअरिंगला चिकटून राहू द्यायचं नाही. बोटीत खालचा प्लग हाताला येत नाही, म्हणून डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ऑइल ओढून काढतात. फिल्टरही नवा.

५. फॉगिंग. सिलिंडरच्या आत गंज चढू नये म्हणून एक खास तेल आत फवारतात. कार्बोरेटरवाल्या इंजिनची पद्धत वेगळी, इंजेक्शनवाल्याची वेगळी. इथे कंपनी सांगेल तसंच.

६. पाणी काढणं. हा सगळ्या कामाचा गाभा. प्रत्येक प्लग काढायचा, प्रत्येक होज सोडायचा. प्लग काढूनही पाणी आलं नाही तर 'आत पाणी नाही' असं समजायचं नाही. बऱ्याचदा गंजाचे पापुद्रे आणि वाळू भोकाशी अडकलेली असते. तार घालून टोचायचं. डावीकडून भरभरून धार आणि उजवीकडून करंगळीएवढी, असं दिसलं की उजवीकडे काहीतरी अडकलंय हे ओळखायचं. पाणी थांबलं की पुन्हा एकदा तार घालायची.

७. अँटिफ्रीझ. रिकामी झालेली जागा गुलाबी रंगाच्या प्रॉपिलीन ग्लायकॉलने भरतात. होजमधून हाताने ब्लॉकमध्ये आणि मॅनिफोल्डमध्ये ओतायचं. गाडीत घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. वसंतात इंजिन सुरू केलं की हे द्रव थेट तळ्यात जाणार, म्हणून इथे ते चालत नाही.

८. उरलेलं. मागच्या ड्राइव्हचं गिअर ऑइल तपासायचं. ते दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय, आणि तेही गोठून खोकं फोडतं. ड्राइव्ह खाली करून ठेवायचा, म्हणजे त्यातलं पाणी निथळतं. बोटीच्या तळाचा प्लग काढायचा. बॅटरी पूर्ण चार्ज करून सोडवायची. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे ५० ला सुद्धा गोठत नाही, पण उतरलेली उणे १० च्या आसपासच गोठून फुटते. उंदीर येऊ नयेत याची सोय, आणि वरून आच्छादन.

यादी मोठी वाटते, पण यात एकही पायरी अवघड नाही. सांगितलं तर हुशार हेल्परही करेल. मग हा माणूस पैसे कशाचे घेतो? त्यासाठी पुढचा भाग नीट वाचा.

'झालं' असं वाटतं, पण झालेलं नसतं

या धंद्यात काही समजुती आहेत. त्या ऐकायला बरोबर वाटतात, म्हणूनच धोक्याच्या आहेत.

पहिली समजूत: एक्झॉस्टमधून गुलाबी पाणी आलं की काम झालं. बरेच जण ब्लॉक रिकामा न करता इंजिन चालवून अँटिफ्रीझ आत ओढायला लावतात. मागून गुलाबी धार आली की बंद. पण इंजिन गार असेल तर थर्मोस्टॅट बंदच असतो. अशा वेळी आत आलेलं द्रव ब्लॉकला बगल देऊन मॅनिफोल्डमधून बाहेर पडतं. ब्लॉकमध्ये तळ्याचं पाणी तसंच. इंजिन आधी गरम केलं तरी गार अँटिफ्रीझ पोचल्यावर थर्मोस्टॅट पुन्हा मिटू शकतो. म्हणून आधी रिकामं करायचं, मग भरायचं.

दुसरी समजूत: बाटलीवर उणे ५० लिहिलंय, मग भीती कसली? तो आकडा फॅरेनहाइटचा आहे, म्हणजे साधारण उणे ४६ सेल्सियस. आणि तो पाइप फुटण्यापासून संरक्षणाचा आकडा आहे. द्रव त्याच्या बरंच आधी बर्फाच्या गोळ्यासारखं मऊ होतं, फक्त कडक होऊन फुगत नाही. तेही शुद्ध असेल तर. आत शिल्लक राहिलेलं पाणी त्यात मिसळलं की बाटलीवरचा आकडा बाटलीपुरताच राहतो. म्हणून जाणकार लोक बाहेर येणाऱ्या द्रवाचे दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून बघतात.

तिसरी समजूत: ब्लॉकला 'फ्रीझ प्लग' असतात, ते निघून येतील आणि ब्लॉक वाचेल. हे नावच फसवं आहे. ब्लॉक ओतताना आतली वाळू काढायला जी भोकं ठेवावी लागतात, ती बुजवणाऱ्या या पत्र्याच्या टोप्या. कधी कधी त्या बाहेर ढकलल्या जातात आणि ब्लॉक वाचतो, पण त्यांचं ते काम नाही. नशिबाला कोणी सर्व्हिस म्हणू नये.

चौथी समजूत: इंजिनच्या खोलीत हीटर लावला की पुरे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीची जबर लाट आली. १६ फेब्रुवारीला डॅलस परिसरात पारा उणे १९ सेल्सियसच्या आसपास उतरला. आणि त्याच दिवसांत राज्यभर लाखो घरांची वीज गेली. हीटरची सगळ्यात जास्त गरज जेव्हा असते, तेव्हाच तो बंद पडू शकतो. टेक्सास हा उबदार प्रदेश. तिथे बोटी वर्षभर वापरतात, त्यामुळे इंजिन झोपवायची सवयच कमी. क्वचित येणारी थंडी अशा ठिकाणी जास्त महागात पडते.

पाचवी समजूत: माझं इंजिन क्लोज्ड कूलिंगचं आहे, मला काही करायला नको. अशा इंजिनात ब्लॉकमध्ये कायमचं कूलंट फिरतं, हे खरं. पण ते कूलंट गार करायला हीट एक्स्चेंजरमध्ये बाहेरचंच पाणी येतं. ती बाजू रिकामी करावीच लागते. शिवाय आतलं कूलंट जुनं किंवा पातळ झालंय का, तेही मोजावं लागतं.

या पाचही समजुतींत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येकीत 'काम झालं' असा एक दिलासा आहे, पण ब्लॉकमधलं पाणी गेलं याचा पुरावा एकीतही नाही.

आता हिशोब करू

आकडे समजण्यापुरते घेतलेत, हे लक्षात ठेवा. तुमच्या धंद्यात तुमचे आकडे टाका.

समजा एका छोट्या गॅरेजवाल्याला सगळा खर्च जाऊन एका बोटीमागे १०० डॉलर उरतात. सीझनमध्ये १५० बोटी केल्या. कमाई १५,००० डॉलर. आता एका बोटीचा उजव्या बाजूचा प्लग राहिला, ब्लॉक चिरला, आणि नवं इंजिन मजुरीसकट १०,००० डॉलरला पडलं. म्हणजे १०० बोटींची कमाई एका प्लगने खाल्ली. तीन महिन्यांच्या सीझनला मुकलेलं गिऱ्हाईक गावभर काय सांगेल, ते वेगळंच.

आता दुसरी बाजू. प्रत्येक बोटीवर १० मिनिटं जास्त दिली आणि दुसऱ्या माणसाने यादी घेऊन पुन्हा तपासलं, तर १५० बोटींना १,५०० मिनिटं लागतील. म्हणजे २५ तास. २५ तासांची मजुरी एका तोलात आणि १०,००० डॉलरचा धोका दुसऱ्या तोलात. कुठला जड आहे ते तुम्हीच ठरवा.

आणि विम्याच्या भरवशावर राहू नका. बोटीच्या अनेक पॉलिसींत गोठण्यामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, किंवा त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. गॅरेजवाल्याने आपली पॉलिसी आणि गिऱ्हाइकाने आपली, दोघांनी सीझनआधी वाचलेली बरी.

मग गिऱ्हाईक विकत काय घेतं?

अँटिफ्रीझच्या बाटल्या दुकानात मिळतात. ऑइल मिळतं. पद्धत मॅन्युअलमध्ये लिहिलेली आहे. तरीही माणूस पैसे देतो, कारण त्याला हिवाळ्यात निवांत झोप हवी असते. बाहेर उणे २५ झालेलं असताना 'आपल्या बोटीत पाणी राहिलं असेल का?' हा विचार त्याच्या मनात येऊ नये.

ही खात्री नुसत्या 'साहेब, काळजी करू नका, सगळं केलंय' या वाक्याने येत नाही. ती हातात द्यावी लागते. कशी? बघा.

- काढलेले ड्रेन प्लग पारदर्शक पिशवीत घालून स्टीअरिंगला बांधायचे. गिऱ्हाइकाला दिसतं की प्लग खरोखर काढले होते. आणि वसंतात प्लग न लावता बोट पाण्यात उतरवण्याचा धोकाही टळतो.
- प्रत्येक ड्रेनमधून पाणी पडतानाचा फोटो, तारखेसह. ब्लॉक डावा, ब्लॉक उजवा, मॅनिफोल्ड डावा, मॅनिफोल्ड उजवा. चार फोटो काढायला दोन मिनिटं लागतात.
- रिफ्रॅक्टोमीटरवर आलेला आकडा कागदावर लिहायचा.
- किल्लीला ठसठशीत चिठ्ठी: 'इंजिन झोपवलं आहे, सुरू करू नये.' कोणी पाहुण्याने गंमत म्हणून पाणी जोडून इंजिन चालवलं, तर सगळी मेहनत वाया.
- आणि सगळ्यात महत्त्वाचं, काय केलं नाही त्याची यादी.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो. गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, 'बोट विंटरायझ करून द्या.' त्याच्या मनात अख्खी बोट असते. मिस्त्रीच्या मनात इंजिन असतं. पण मोठ्या बोटीत पिण्याच्या पाण्याची टाकी असते, पंप असतो, शौचालय असतं, गरम पाण्याची टाकी असते. त्यांतलं पाणीही गोठतं. मेमध्ये पंप फुटलेला निघाला की दोघंही खरं बोलत असतात आणि दोघंही भांडत असतात. 'इंजिन आणि ड्राइव्ह केलं, पाण्याची टाकी आणि शौचालय केलेलं नाही, हवं असल्यास वेगळा दर' एवढी एक ओळ पावतीवर असती, तर भांडण झालंच नसतं. वर त्या ओळीतून जादा काम मिळतं ते निराळं.

आपल्याकडे किती धंद्यांत हे भांडण रोज होतं! एसी सर्व्हिसिंग म्हणजे काय काय? सोसायटीच्या टाकीची सफाई म्हणजे फक्त वरची टाकी की खालचीही? लिहून दिलंय का तुम्ही?

गर्दीचं काय करायचं?

या धंद्यातली दुसरी अडचण म्हणजे सगळी कामं एकदम येतात. सप्टेंबरभर लोक म्हणतात, अजून एक रविवार बोट चालवू. मग ऑक्टोबरमध्ये हवामानखातं सांगतं की आज रात्री कडक थंडी, आणि दुपारपासून फोन थांबत नाही. घाईत केलेल्या कामातच प्लग राहतात.

उपाय साधे आहेत. लवकर बोट आणणाऱ्याला कमी दर आणि शेवटच्या आठवड्यात जास्त दर, हे सीझनच्या सुरुवातीलाच जाहीर करायचं. वसंतात बोट परत देतानाच पुढच्या ऑक्टोबरची तारीख लिहून घ्यायची. आणि दिवसाला किती बोटी नीट होतात तो आकडा ठरवून त्याच्यावर एकही घ्यायची नाही. अगदी नड असलेल्या गिऱ्हाइकाचं फक्त पाणी काढून द्यायचं, बाकी काम पुढच्या आठवड्यात. पण तसं कागदावर लिहायचं: 'आज फक्त पाणी काढलं. उरलेलं काम बाकी.' अर्धं काम पूर्ण म्हणून खपवायचं नाही.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ

आपल्याकडे बर्फ नाही, पण झोपेचा काळ आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून सीझन धरतात. पर्यटनाच्या बोटीही पावसाळ्यात बंद. आपल्या ट्रॉलरमध्येही इंजिन इनबोर्डच, फक्त डिझेलचं.

तिथला शत्रू गोठणारं पाणी, इथला शत्रू खारं पाणी आणि दमट हवा. फरक एवढाच की बर्फ एका रात्रीत फोडतो आणि मीठ हळूहळू खातं. पण उपायांची यादी ओळखीची वाटेल. ज्या वाटांनी खारं पाणी फिरतं त्या गोड्या पाण्याने धुऊन रिकाम्या करायच्या. ऑइल सीझन संपताना बदलायचं. 'दोन महिने इंजिन बंदच आहे, ऑगस्टमध्ये बदलू' असं केलं तर जुनं आम्लट ऑइल दोन महिने आत बसतं. डिझेलची टाकी भरलेली ठेवायची, म्हणजे आत दव धरून पाणी साचत नाही. बॅटरी सोडवून, चार्ज करून कोरड्या जागी.

मालवण, हर्णे, रत्नागिरी, रेवस, कुठेही बघा, ही कामं करणारे उत्तम मिस्त्री आहेत. पण 'पावसाळी बंद पॅकेज' असं नाव देऊन, दर लावून, यादी देऊन, फोटोसह काम हातात देणारे किती आहेत? जागा आहे की नाही धंद्याला?

आणि बोटीच कशाला? साखर कारखान्यात गळीत संपलं की ओव्हरहॉलिंग असतं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण रसवंतीचं यंत्र पावसाळ्यात कसं ठेवता? मंगल कार्यालयाचा जनरेटर लग्नसराई संपल्यावर कोण बघतं? मंडपवाल्याच्या डेकोरेशनच्या वायरिंगला गणपतीनंतर उंदीर लागतात की नाही? यंत्र चालू असताना सगळ्यांचं लक्ष असतं. ते बंद असताना खराब होतं, आणि ते कळतं सीझनच्या पहिल्या दिवशी, जेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो आणि मिस्त्री मिळत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा.

१. तुमच्या धंद्यात असं कोणतं काम आहे, ज्याचा निकाल काही महिन्यांनी दिसतो? वॉटरप्रूफिंग, रोपवाटिका, पेस्ट कंट्रोल, हिशेब तपासणी, काहीही असेल.

२. ते काम नीट झालं याचा पुरावा काय? इथे 'माझा अनुभव' असं लिहायचं नाही. 'गुलाबी पाणी आलं' असा वरवरचा पुरावाही नको. उजव्या बाजूच्या प्लगमधून पाणी पडलं, असा पुरावा हवा.

३. तो पुरावा गिऱ्हाइकाच्या हातात कसा द्याल? फोटो, यादी, मोजमाप, सुटे भाग पिशवीत, जे तुमच्या धंद्याला बसेल ते. सोबत 'काय केलेलं नाही' ही एक ओळ.

हे तीन मुद्दे लिहून झाले की मगच दर वाढवायचा विचार करा. पुरावा हातात असलेला माणूस दर सांगताना चाचरत नाही.

पुढच्या व्हिडिओत आपण 'काय केलेलं नाही' ही ओळ पावतीवर कशी लिहायची ते नमुन्यांसह बघणार आहोत. एसीवाले, टाकी सफाईवाले आणि मंडपवाले, तिघांच्या पावत्या घेऊन बसू. तुमची पावती वहीला लावून ठेवा, उपयोगी पडेल.

भेटू या.